शिकलेला कुत्रा पुन्हा घरात लघवी करू लागतो तेव्हा: कारण शोधण्याचा क्रम

बाहेर जाऊनच लघवी करण्याची सवय पक्की झालेला, वर्षानुवर्षे फरशी कोरडी ठेवणारा कुत्रा एखाद्या दिवशी घरात लघवी करतो, मग काही दिवस सगळे ठीक चालते आणि आपण तो प्रकार विसरत आलो की पुन्हा तेच घडते. स्वतःच्या कुत्र्यांच्या बाबतीत आणि ओळखीच्या घरांतही ही तक्रार मी इतक्या वेळा निस्तरली आहे की तिचे कारण शोधण्याचा एक क्रम आपोआप ठरून गेला आहे. बिनखर्ची आणि सोप्या तपासण्यांपासून सुरुवात करून खर्चिक व अवघड तपासण्यांपर्यंत तो येथे दिला आहे. सहा महिन्यांच्या आतले, अजून शिकत असलेले पिल्लू हा वेगळा विषय असल्याने त्याचा येथे विचार केलेला नाही.

लक्षणे

‘घरात लघवी करतो’ असे सगळेच सांगतात, परंतु त्या एका वाक्यात एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या अनेक गोष्टी दडलेल्या असतात. म्हणून प्रथम आपल्या घरात नेमके काय घडते आहे हे पाहावे.

दाराजवळ किंवा दाराच्या वाटेवर एकदम मोठे तळे साचत असेल, तर कुत्र्याला लघवी धरवली नाही असा त्याचा अर्थ होतो. तिथे वेळ चुकलेली असते किंवा लघवीच जास्त तयार होत असते. दिवसभरात जागोजागी थोडी थोडी लघवी होत असेल, प्रत्येक वेळी कुत्रा बराच वेळ कुंथत बसत असेल आणि नंतर ती जागा सतत चाटत असेल, तर मूत्राशयाचा किंवा मूत्रमार्गाचा दाह संभवतो. खुर्चीचा पाय, पडद्याची कड, नव्या कपाटाचा कोपरा अशा उभ्या वस्तूंवर चमचाभर शिंतोडे सापडत असतील, तर ती बहुधा हद्द आखण्याची लघवी असते. कुत्रा झोपून उठल्यावर त्याच्या गादीवर तळहाताएवढी ओल दिसते आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो, तेव्हा ती गळती असते. कोणी घरात शिरताच कुत्रा खाली वाकून, कान मागे घेऊन लघवी सोडत असेल, तर ते भावनेच्या भरात होते. आणि घरी कोणी नसतानाच हे घडत असेल, तर एकटेपणाची भीती किंवा बाहेर नेण्याच्या वेळांमधले फार मोठे अंतर, या दोन शक्यता समोर येतात.

कुत्रा सूड उगवण्यासाठी गादीवर लघवी करतो, ही समजूत अनेक घरांत पक्की बसलेली आहे आणि तपासात सर्वांत जास्त वेळ तिच्यामुळेच वाया जातो. रागावल्यावर तो जे ओशाळलेले तोंड करतो ते आपल्या आवाजाला आणि पवित्र्याला दिलेले उत्तर असते. दोन तासांपूर्वी केलेल्या लघवीशी तो त्या रागाचा संबंध जोडू शकत नाही. त्याचे नाक लघवीत घासणे किंवा त्याला मारणे यातून तो एवढेच शिकतो की आपल्यासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग तो पलंगामागे किंवा कोपऱ्यात लपून लघवी करू लागतो. त्यामुळे लक्षण डोळ्यांआड जाते आणि कारण शोधणे आणखी कठीण होते.

कोणत्या लक्षणांत घरी थांबू नये

पुढच्या तपासण्या करण्याआधी काही गोष्टी नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी. कुत्रा पुन्हा पुन्हा लघवीचा पवित्रा घेतो, कुंथतो, परंतु एक थेंबही येत नाही किंवा जेमतेम दोन थेंब येतात, अशी स्थिती असेल तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. नर कुत्र्याच्या शिश्नात हाड असते आणि मूत्राशयातून सुटलेला खडा बहुतेक वेळा त्या हाडाच्या मागच्या टोकाशी अडकतो, त्यामुळे नरांमध्ये हा धोका विशेष असतो. लघवी तुंबली की रक्तातील पोटॅशियम वाढत जाऊन हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच वेळी पशुवैद्याकडे जावे.

नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यानंतर साधारण 4 ते 8 आठवड्यांत अचानक खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, जेवण टाकू लागली किंवा उलट्या करू लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. पू बाहेर येताना दिसत असेल तर निदान लवकर होते. गर्भाशयाचे तोंड बंद असल्यास बाहेर काहीच दिसत नाही आणि तीच अवस्था अधिक घातक असते. लघवी गळण्याबरोबर मागचे पाय लटपटत असतील किंवा पंजे फरपटत असतील, तर दुखणे मणक्याचे असू शकते आणि त्यातही तासांना किंमत असते. ताप, कावीळ, लघवीत ठळक रक्त यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लेप्टोस्पायरोसिससारखा आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसांनाही होतो, त्यामुळे कुत्रा आजारी दिसत असेल तर फरशी पुसताना हातमोजे घालावेत आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

पहिली तपासणी: वही

यांपैकी काही नसेल, तर पहिले काम म्हणजे एक वही आणि पेन पाण्याच्या भांड्याजवळ ठेवणे. एक आठवडाभर प्रत्येक घटनेची वेळ, जागा, अंदाजे प्रमाण, त्या वेळी कुत्रा काय करत होता, घरात कोण होते आणि त्याआधी तो बाहेर कधी गेला होता, एवढे लिहावे. बाहेर केलेली लघवीही त्यात नोंदवावी, कारण बाहेर तो एकदाच भरपूर करतो की दहा ठिकाणी थेंब थेंब सोडतो, यावरून बरेच कळते. घरातील प्रत्येकाने आपापल्या वेळेची नोंद स्वतः करावी. संध्याकाळी बसून एकाने आठवून लिहिलेल्या वहीचा उपयोग होत नाही.

यासाठी काहीच खर्च येत नाही म्हणून लोक ही पायरी ओलांडून थेट औषधाकडे जातात. वास्तविक बहुतांश घरांत कारणाची दिशा या वहीतच दिसते. एका ओळखीच्या घरी कुत्री ‘अधूनमधून, केव्हाही’ लघवी करते अशी तक्रार होती. वही भरल्यावर असे दिसले की ज्या दिवशी संध्याकाळची फेरी घरातल्या धाकट्या मुलाकडे असे, त्याच्या दुसऱ्या पहाटे हा प्रकार घडत असे, कारण तो तिला कोपऱ्यापर्यंत नेऊन लगेच परत आणत होता. तिला वेळ पुरत नव्हता, एवढेच कारण होते.

दुसरी तपासणी: वेळापत्रक आणि वाट

निरोगी प्रौढ कुत्र्याला दिवसातून तीन ते पाच वेळा बाहेर जाण्याची गरज असते. तो आठ तास धरू शकतो याचा अर्थ त्याला रोज आठ तास धरायला लावावे असा नाही. घरातील कोणाची नोकरीची वेळ बदलली, सुट्टी संपली, घर बदलले किंवा फिरवायला नेणारी व्यक्ती बदलली, तर त्या तारखेची वहीतील पहिल्या घटनेशी सांगड घालून पाहावी. बाहेर नेल्यावर कुत्रा खरोखर लघवी करतो का, हेही डोळ्यांनी पाहावे. पाऊस, मोठा आवाज, रस्त्यावरचा आक्रमक कुत्रा किंवा नव्याने सुरू झालेले बांधकाम यांमुळे काही कुत्री बाहेर नुसती उभी राहतात आणि घरात शिरल्यावर, सुरक्षित वाटताच, लघवी करतात.

कुत्रा वयस्क असेल तर दारापर्यंतची वाटही पाहावी. सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला गुळगुळीत फरशीवर उठताना पाय घसरण्याची भीती वाटते, जिने उतरायला वेळ लागतो, आणि त्याला लघवी लागल्याचे आपल्या लक्षात येईपर्यंत ती होऊनही जाते. झोपण्याच्या जागेपासून दारापर्यंत न सरकणाऱ्या सतरंज्या टाकून आणि दिवसातल्या फेऱ्या दोनने वाढवून आठवडाभर पाहावे. तेवढ्याने फरक पडला, तर मूत्राशयाची चिंता सोडून सांधेदुखीबद्दल डॉक्टरांशी बोलावे. मात्र माणसांची वेदनाशामके त्याला घरच्या घरी देऊ नयेत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना गंभीर इजा होते, आणि पॅरासिटामॉलही त्याच्या यकृताला घातक ठरू शकते.

तिसरी तपासणी: वास

मूळ कारण नाहीसे झाले तरी वास मागे राहिला, तर कुत्रा त्याच जागी परत जातो. म्हणून मोठे कारण सापडो वा न सापडो, ही पायरी चुकवू नये. आपल्या नाकाला जागा स्वच्छ वाटते यावर विसंबून चालत नाही. रात्री दिवे घालवून, पडदे ओढून, जांभळा अतिनील प्रकाश देणारी छोटी टॉर्च जमिनीलगत धरून खोली पाहावी. वाळलेली लघवी त्या प्रकाशात पिवळट-हिरवट चमकते. प्रथम काहीच दिसत नाही. मग गुडघ्यांवर बसून टॉर्च तिरपी केली की सोफ्याच्या मागच्या पायावर ओघळ दिसतो, त्याखाली फरशीच्या सांध्यात भरलेली रेघ दिसते आणि पडद्याच्या खालच्या कडेला तीन-चार ठिपके दिसतात. धुण्याची पावडर आणि काही डाग याच प्रकाशात चमकतात, त्यामुळे शंका आल्यास जागा नाकाने पडताळावी. सापडलेल्या प्रत्येक जागेवर खडूने खूण करावी, कारण दिवा लावल्यावर ती पुन्हा सापडत नाही.

साफसफाईसाठी एन्झाइम असलेले, पाळीव प्राण्यांच्या लघवीसाठीच बनवलेले द्रावण वापरावे. ते ओतून लगेच पुसून टाकले तर वाया जाते. लघवी जितकी खोल मुरली असेल तितके खोल ते पोहोचले पाहिजे आणि डब्यावर लिहिलेला वेळ ती जागा ओली राहिली पाहिजे. अमोनियायुक्त क्लीनर टाळावेत, कारण त्यांचा वास लघवीच्या वासाच्या जवळ जातो. ताज्या लघवीवर ब्लीच ओतल्यास लघवीतील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घशाला व फुप्फुसांना त्रास देणारा वायू तयार होतो, तेव्हा तेही टाळावे. गालिच्यावर वाफ किंवा उकळते पाणी मारल्यास वास धाग्यांत अधिकच बसतो.

चौथी तपासणी: पाणी मोजणे

घरी करता येण्याजोग्या तपासण्यांपैकी माझ्या मते ही सर्वांत मोलाची आहे आणि तिला फक्त एक मोजपात्र लागते. सकाळी ठरलेल्या वेळी भांड्यात मोजून पाणी भरावे, दिवसभरात जितके पुन्हा भरले तितके वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी मोजून वजा करावे. असे सलग तीन दिवस करून सरासरी काढावी. शौचालयातील भांडे, बागेतील टाके, कुंड्यांखालच्या ताटल्या अशी पाण्याची इतर ठिकाणे त्या काळात बंद ठेवावीत. घरात दुसरा प्राणी असल्यास त्याचे पाणी वेगळ्या खोलीत द्यावे, नाहीतर आकडे निरर्थक ठरतात.

निरोगी कुत्रा दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी पितो. हा आकडा 100 मिलिलिटरच्या पुढे गेला तर पिणे निश्चितपणे जास्त आहे असे समजतात. म्हणजे 20 किलो वजनाच्या कुत्र्याने रोज 2 लिटरहून अधिक पाणी पिणे हे स्वतंत्र लक्षण आहे. कोरडे खाद्य खाणारा कुत्रा ओले अन्न खाणाऱ्यापेक्षा अधिक पितो, उन्हात व व्यायामानंतरही पिणे वाढते, त्यामुळे नेहमीच्या दिवसांतच मोजावे. आकडा 100 च्या आत असला तरी त्याच कुत्र्याच्या नेहमीच्या पिण्याच्या दुप्पट झाला असेल, तर तोही डॉक्टरांना सांगावा.

पिणे वाढलेले असेल तर शिकवणीचा प्रश्नच उरत नाही. मधुमेह, मूत्रपिंडांचा जुनाट विकार, अधिवृक्क ग्रंथींमधून कॉर्टिसॉल जास्त स्रवणारा कुशिंगचा विकार, रक्तातील कॅल्शियमची वाढ, गर्भाशयातील पू, यकृताचे आजार अशी यादी समोर येते, आणि तिथून पुढचा तपास दवाखान्यातच व्हायला हवा. घरात लघवी होऊ नये म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मुळीच पाळू नये. या आजारांत बहुधा लघवी आधी वाढलेली असते आणि कुत्रा ती भरून काढण्यासाठी पीत असतो. त्याचे पाणी तोडले की शरीर कोरडे पडून तो काही तासांत गंभीर होऊ शकतो.

याच पायरीवर चालू असलेली औषधेही तपासावीत. खाज किंवा ॲलर्जीसाठी दिलेल्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. हृदयविकारातील फ्युरोसेमाइड आणि फिट्सवरील फिनोबार्बिटोन यांचाही तोच परिणाम होतो. औषध सुरू झाल्याची तारीख आणि लघवीच्या तक्रारीची तारीख जुळत असेल तर डॉक्टरांना फोन करून मात्रेबद्दल विचारावे. स्वतःहून औषध बंद करू नये, कारण स्टेरॉइड एकदम थांबवल्यास कुत्रा कोसळू शकतो आणि फिट्सचे औषध थांबवल्यास फिट परत येऊ शकते.

पाचवी तपासणी: झोप, स्वागत, हद्द आणि एकटेपणा

गळतीची शंका असल्यास कुत्र्याच्या गादीवर पांढरे, धुतलेले सुती कापड अंथरावे आणि तो उठताच त्यावरून हात फिरवावा. नसबंदी झालेल्या मध्यमवयीन मादीच्या बाबतीत, विशेषतः मोठ्या जातींमध्ये, हे अनेकदा आढळते: इस्ट्रोजेन हे मादी संप्रेरक कमी झाल्याने मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायू सैल पडतो आणि गाढ झोपेत लघवी झिरपते. नसबंदीनंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही हे सुरू होऊ शकते. जागेपणी ती अगदी व्यवस्थित बाहेर जात असते, त्यामुळे मालक गोंधळून जातात. यावर औषधे आहेत आणि त्यांचा गुणही बहुतेकींना चांगला येतो. मात्र ती सुरू करण्याआधी जंतुसंसर्ग नाही याची लघवीच्या तपासणीने खात्री करावी लागते. जन्मापासूनच जिची लघवी सतत ठिबकत आली आहे अशा तरुण मादीत मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) चुकीच्या जागी उघडत असण्याची शक्यता असते. तिच्यासाठी घरगुती उपाय नाहीत.

स्वागताच्या वेळी होणारी लघवी तरुण कुत्र्यांत दिसते आणि बरीच कुत्री एक वर्षाच्या सुमारास त्यातून बाहेर पडतात. घरात शिरल्यावर काही मिनिटे त्याच्याकडे पाहू नये, वरून हात घालू नये, शक्य तर दाराबाहेरच भेटावे आणि बाजूला बसून त्याला आपल्याकडे येऊ द्यावे. ओरडल्याने हा प्रकार हमखास वाढतो.

हद्द आखण्याच्या लघवीत आधी काय बदलले ते शोधावे: नवा सोफा, पाहुण्यांची बॅग, नवा प्राणी, खिडकीतून दिसणारा परका कुत्रा. खिडकीचा खालचा भाग झाकणे आणि नवी वस्तू काही दिवस बंद खोलीत ठेवणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो. नसबंदीने अनेक नरांमध्ये हे कमी होते, सर्वांमध्ये थांबतेच असे नाही. माद्याही हद्द आखतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

एकटेपणाच्या शंकेसाठी जुना मोबाइल दाराकडे तोंड करून लावून ठेवावा आणि बाहेर पडल्यानंतरच्या अर्ध्या तासाचे चित्रीकरण पाहावे. भीतीने होणारी लघवी बहुधा याच सुरुवातीच्या वेळात होते आणि तिच्याबरोबर येरझारा, लाळ गळणे, दार ओरबाडणे, केकाटणे दिसते. कुत्रा चार तास शांत झोपून मग उठून लघवी करत असेल, तर त्याला फक्त वेळेवर बाहेर नेणारे माणूस हवे आहे. खरी भीती दिसली तर वर्तनतज्ज्ञ पशुवैद्याची मदत घ्यावी. पिंजऱ्यात कोंडून हा प्रश्न सुटत नाही, काही कुत्री पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडून घेतात.

म्हातारा कुत्रा भिंतीच्या कोपऱ्यात अडकून उभा राहतो, दाराच्या चुकीच्या बाजूला थांबतो, रात्री जागून दिवसा झोपतो आणि फिरून येताच घरात लघवी करतो, अशी चित्रे एकत्र दिसली तर मेंदूच्या वार्धक्याचा विचार करावा. परंतु त्या वयात मूत्रपिंड आणि सांधेही थकलेले असतात, म्हणून ‘वय झाले’ असे म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नयेत.

सहावी तपासणी: लघवीचा नमुना

दोन आठवड्यांत वरील उपायांनी फरक पडला नाही, तर घरचे प्रयोग थांबवून नमुना तपासायला न्यावा. कुंथणे, वारंवार थोडी लघवी होणे, वाढलेली तहान किंवा गळती आढळली असेल, तर तितकेही न थांबता थेट याच पायरीवर यावे. दवाखान्यातील तपासण्यांत ही सर्वांत स्वस्त आहे आणि बरेच काही सांगून जाते. सकाळची पहिली, मधल्या धारेची लघवी घ्यावी, कारण ती रात्रभर साठून सर्वांत घट्ट झालेली असते. लांब दांड्याची पळी गरम पाण्याने स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावी. नराच्या बाबतीत ती बाजूने धारेखाली धरता येते. मादी मात्र काही खाली सरकताना दिसले की लगेच उठते, म्हणून ती बसून धार सुरू झाल्यावरच मागून उथळ ताटली अलगद सरकवावी. नमुना झाकणाच्या नव्या डबीत भरावा. मुरांब्याची किंवा मधाची बाटली वापरल्यास तिच्यात राहिलेल्या साखरेमुळे खोटा मधुमेह दिसू शकतो. फरशीवरून टिपलेली लघवी चालत नाही. नमुना लगेच नेता आला नाही तर फ्रिजमध्ये ठेवून काही तासांत पोहोचवावा.

नुसती रंग बदलणारी पट्टी बुडवून ‘सगळे ठीक’ असे सांगितले गेले, तर सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि विशिष्ट घनता (लघवी पाण्याच्या तुलनेत किती घट्ट आहे) यांची विनंती करावी. माणसांसाठी बनवलेल्या त्या पट्टीवरील पांढऱ्या पेशींचा आणि घनतेचा चौकोन कुत्र्यांच्या लघवीसाठी विश्वासार्ह नसतो. घनता रिफ्रॅक्टोमीटर या मोजणीच्या उपकरणानेच पाहावी लागते. ती 1.030 च्या वर असेल तर मूत्रपिंडे लघवी नीट घट्ट करू शकत आहेत असे मानतात. ती वारंवार 1.008 ते 1.012 च्या दरम्यान येत असेल तर रक्ततपासणी टाळू नये.

संसर्गाची शंका असल्यास कल्चर, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करून घ्यावे आणि त्यासाठीचा नमुना डॉक्टरांनी सुईने थेट मूत्राशयातून काढलेला असावा. ऐकायला भीती वाटते, परंतु बारीक सुईचे हे काम काही सेकंदांचे असते. कल्चर नेहमी प्रतिजैविक सुरू करण्याआधी करावे. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या दोन दिवस देऊन मग दवाखान्यात नेलेल्या कुत्र्याच्या नमुन्यात जंतू वाढतच नाहीत, आणि रोग अर्धवट दबून महिन्याभराने परततो. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा संसर्ग झाला, तर तो पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग समजला जातो. अशा वेळी दर खेपेला तेच औषध घेऊन परत येण्याऐवजी त्यामागचे कारण शोधण्याचा आग्रह धरावा.

सातवी तपासणी: रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी

येथे काम पूर्णपणे पशुवैद्याचे आहे. आपण फक्त भरलेली वही, पाण्याचे आकडे आणि औषधांची यादी घेऊन जावे. रक्तातील क्रिएटिनिन हा मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडांचे सुमारे तीन चतुर्थांश कार्य गेल्यावरच वाढते, त्यामुळे तो एकटा सामान्य आला म्हणून पातळ लघवीकडे दुर्लक्ष करू नये. एसडीएमए ही मूत्रपिंडांच्या कार्याची दुसरी रक्ततपासणी त्याआधी बदल दाखवते. पोट सुटणे, केस विरळ होणे, धापा टाकणे आणि अधाशी भूक ही लक्षणे असतील तर कुशिंगच्या स्वतंत्र चाचण्या कराव्या लागतात. नसबंदी न झालेल्या प्रौढ नराची प्रोस्टेट ग्रंथीही तपासायला हवी. लघवी नसतानाही रक्ताचे थेंब पडणे हे तिच्या सुजेचे नेहमीचे लक्षण आहे.

खड्यांच्या बाबतीत एक्स-रे आणि सोनोग्राफी एकमेकींना पूरक आहेत. स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे एक्स-रेवर दिसतात. युरेटचे खडे, जे आनुवंशिक दोषामुळे डाल्मेशियन जातीत अधिक होतात, साध्या एक्स-रेवर बहुधा निसटतात आणि सोनोग्राफीत सापडतात. माद्यांमधील स्ट्रुव्हाइट बहुतेक वेळा संसर्गातून तयार होतो, म्हणून विशेष आहार आणि प्रतिजैविक यांनी तो विरघळवता येतो. कॅल्शियम ऑक्झलेट कोणत्याही आहाराने विरघळत नाही. तो काढावाच लागतो आणि पुन्हा होण्याची प्रवृत्ती ठेवतो. त्यामुळे खडा काढण्याचे ठरल्यास, काढलेला खडा टाकून न देता त्याच्या घटकांची तपासणी करावी, असे डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधीच सांगून ठेवावे. त्या अहवालावरच पुढचा आहार ठरतो आणि पुन्हा एक्स-रे किती महिन्यांनी काढायचा हेही ठरते.